आधी माप, मग टाके



परदेशातल्या नातवंडांसाठी आपण हातमोजे विणतो, चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा असे. आणि विचारतो फक्त वय. माझं मत: वय नको, पंजाचा घेर मागवा.

आधी छोटा नमुना विणा. दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले आणि घेर १८ सेंटिमीटर असेल, तर २२ गुणिले १८ भागिले १०, म्हणजे ३९.६, पंजाला ४० टाके. मनगट घट्ट हवं, म्हणून सुरुवात ३६ टाक्यांनी; दोन सुलट-दोन उलट वीण चारच्या पटीतच जुळते. अंगठ्याला पंजाच्या साधारण एक तृतीयांश. दोन सुयांवर विणून शिवणार असाल, तर शिवणीचे दोन टाके जास्त घ्या.

न बसणारे मोजे कपाटातच राहतात. तो परिग्रहच की! अपरिग्रह असा लोकरीच्या गुंड्यापासूनही पाळता येतो.