तोफ तयार, सही बाकी

‘आपल्याकडे संशोधनच होत नाही, म्हणून शस्त्रं बाहेरून आणावी लागतात’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरं वाटायला लागलंय. पण ‘अटॅग्ज’ या तोफेच्या तारखा बघा.

डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई प्रयोगशाळेनं भारत फोर्ज आणि टाटांना सोबत घेऊन २०१३मध्ये काम सुरू केलं. २०१७च्या प्रजासत्ताक दिनी तोफ राजपथावर दिसली. त्याच वर्षी पोखरणला तिनं सुमारे ४८ किलोमीटरवर मारा केला. २०२०मध्ये चाचणीत नळी फुटली, काही जण जखमी झाले, दुरुस्त्या झाल्या. २०२२च्या स्वातंत्र्यदिनी तिनं लाल किल्ल्यावर सलामी दिली. आणि ३०७ तोफांच्या खरेदीचा करार? मार्च २०२५! म्हणजे संचलनानंतर आठ वर्षांनी.

या दिरंगाईचं मूळ भीतीत आहे. १९८६च्या बोफोर्स करारानंतर जे रामायण घडलं, त्यातून व्यवस्थेनं एकच धडा घेतला : सही केली तर चौकशी होऊ शकते, फाईल पुढं ढकलली तर कुणी जाब विचारत नाही. पुढची तीसेक वर्षं लष्कराला या जातीची नवी तोफ मिळाली नाही. त्याबद्दल किती जणांना शिक्षा झाली?

टाटांसारखी कंपनी बारा वर्षं थांबू शकते. कोल्हापुरातला वर्कशॉपवाला बारा महिनेही थांबू शकत नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. हे तेच गाव, जिथं बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. आज ते सरकारी टेंडर भरायला गेले असते, तर पहिला प्रश्न आला असता : मागच्या तीन वर्षांची उलाढाल किती?

२०१८पासून ‘आयडेक्स’ योजना आहे, दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. चांगलंच आहे. पण अनुदानावर नमुना बनतो. कारखाना चालतो ऑर्डरवर.

जवानाच्या जिवाचा प्रश्न आहे, चाचण्या कडकच हव्यात, हे मान्य. मग त्यांना मुदतही घाला. नापास केलं तर कारण लेखी द्या. पास झालं तर किती नग घेणार, हे आधीच सांगा. आणि निर्णय न घेणाऱ्यालाही जाब विचारा.

नाहीतर शिरोली-गोकुळ शिरगावची हुशार पोरं गाड्यांचे सुटे भागच ओतत राहतील, आणि आपण दरवर्षी संचलन बघून टाळ्या वाजवू.