‘सुरक्षित’ म्हणजे नेमके कोणासाठी?

७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेने केंटकी राज्यातील ब्लू ग्रास लष्करी डेपोत सरीन भरलेले शेवटचे रॉकेट नष्ट केले. सुमारे २८ हजार टन रासायनिक अस्त्रांचा जाहीर केलेला साठा संपला. याचे स्वागतच केले पाहिजे. पण सरकार ‘सुरक्षित’ म्हणते तेव्हा ‘कोणासाठी?’ हे विचारणे आंबेडकरी माणसाचे कामच आहे.

इंडियाना राज्यातील न्यूपोर्टचे उदाहरण घ्या. तिथे व्हीएक्स हे भयंकर विष साठवलेले होते. २००५ पासून कॉस्टिक सोडा आणि गरम पाणी वापरून त्याचे विघटन केले गेले. विष संपले, पण लाखो लिटर दाहक सांडपाणी उरले. ते ओहायोतील डेटनजवळ नेण्याचा बेत लोकांच्या विरोधामुळे बारगळला. न्यू जर्सीतही विरोध झाला आणि जानेवारी २००७ मध्ये ड्युपाँटने माघार घेतली. त्याच वर्षी एप्रिलपासून टँकर निघाले ते टेक्सासमधील पोर्ट आर्थरला. या शहराच्या पश्चिम भागातली कृष्णवर्णीय वस्ती आधीच तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात जगत होती. हिल्टन केली यांच्यासारखे कार्यकर्ते लढले, प्रकरण कोर्टात गेले. तरी सांडपाणी शेवटी तिथल्याच भट्टीत जाळले गेले.

लष्कर म्हणत होते, हे पाणी म्हणजे मोरी साफ करण्याच्या द्रवासारखेच आहे. घटकाभर मान्य करू. मग ते दोन ठिकाणी नको झाले आणि तिसऱ्याच्या दारात चालले, हे कसे? फरक रसायनात नव्हता, लोकांच्या वजनात होता. गावाची घाण गावकुसाबाहेर टाकणारी व्यवस्था आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

‘कुठेतरी न्यावेच लागणार ना?’ असे कोणी म्हणेल. जरूर. पण ‘कुठे’ हे आधी ठरवून लोकांना नंतर कळवणे ही लोकशाही नव्हे. ब्लू ग्रासला लष्कर भट्टीच बांधणार होते. तिथले लोक १९८० च्या दशकापासून संघटित राहिले आणि त्यांनी जाळण्याऐवजी विघटनाची पद्धत स्वीकारायला लावली. उशीर झाला, पण काम झालेच. म्हणजे लोकांचे ऐकल्याने निःशस्त्रीकरण अडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे: जनसुनावणी आधी, ठेका नंतर. आणि जागा निवडताना त्या वस्तीने आजवर किती विष पचवले आहे, याचा हिशेब पहिल्या पानावर हवा. अस्त्र नष्ट झाले, पण विषमता तशीच राहिली, तर त्याला सुरक्षित म्हणता येणार नाही.

जय भीम!