‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन असतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याचे १५०० रुपये थांबू नयेत म्हणून राज्यभर महिलांची धावपळ सुरू झाली. कुणाचं पान उघडेना, कुणाला ओटीपी येईना. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पण धुळे असो की जळगाव, सेवा केंद्रावर कामं अडली की उत्तर एकच मिळतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

या दोन शब्दांमागे तीन वेगळ्या अडचणी असू शकतात.

१. सर्व्हरवर ताण
सर्व्हर म्हणजे तुमची मागणी घेऊन उत्तर देणारा कॉम्प्युटर. लाखो लोक एकाच वेळी आले की तो अडखळतो. तेव्हा शिरपूरलाच नाही, मुंबईतही साईट उघडत नाही. मात्र आधारचा ओटीपी वेगळ्या यंत्रणेतून येतो, त्यामुळे साईट सुरू असूनही ओटीपी अडकू शकतो.

२. पत्ता सापडत नाही
साईटचं नाव आपल्यासाठी असतं. मशीनला आकड्यांचा आयपी ॲड्रेस लागतो. नावावरून हा आकडा शोधून देते ती डीएनएस यंत्रणा. ती बिघडली तर सर्व्हर ठणठणीत असूनही साईट उघडत नाही. अशा वेळी बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या नेटवर तीच साईट चालते.

३. वाटच तुटली
इथे कुठलीच साईट उघडत नाही. भारतनेटची फायबर सुरुवातीला तालुक्यापासून ग्रामपंचायतींपर्यंत सरळ रेषेत गेली. मध्येच जेसीबीनं केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. यावर उपाय म्हणजे ‘रिंग’, म्हणजेच गोलाकार जोडणी. एका बाजूनं तुटली तरी डेटा दुसऱ्या बाजूनं फिरून पोहोचतो. केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, त्यात हीच रचना आहे. साक्री किंवा रावेरच्या डोंगराकडच्या गावांसाठी हा फरक मोठा आहे.

मग करायचं काय?
केंद्रात दुसरी एखादी साईट उघडून बघायला सांगा. तीही बंद असेल तर दोष बहुधा केंद्राच्या लाईनचा. ती चालत असेल, तर अडलेली साईट आपल्या मोबाईल डेटावर उघडून बघा. तिथे उघडली तर अडचण केंद्राच्या नेटची, तिथेही नाही तर बहुधा सर्व्हरची.

तिन्हींचे जबाबदार वेगळे आहेत. सगळ्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं की तक्रार कुणाकडेच पोहोचत नाही आणि एका दिवसाची मजुरी मात्र बुडते.