गोष्ट सांगा, पण नोंद ठेवून

बोरीवलीहून नॅरेशनसाठी अंधेरीला निघालेल्या नव्या लेखकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "कुणाला काही सांगू नकोस, ढापतील." दुसरा, "घाबरतोस कशाला? कल्पनेला कुठे मालक असतो?" दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्ही लेखकाचं नुकसान करतात. पहिल्याने त्याची गोष्ट वहीतच राहते. दुसऱ्याने ती हातातून जाते आणि वर भांडायचा धीरही जातो.

आधी दुसऱ्या सल्ल्याचा समाचार घेऊ, कारण त्याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार दिला जातो. आर. जी. आनंद यांनी 1953 साली 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिलं. प्रांतवाद हा त्याचा विषय. चित्रपट काढू पाहणाऱ्यांना त्यांनी ते वाचूनही दाखवलं. 1956 साली त्याच विषयावरचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला आणि आनंद कोर्टात गेले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

हे तत्त्व योग्यच आहे. दोन प्रांतांतल्या घरांमधलं लग्न किंवा गिरणगावातल्या कुटुंबाची वाताहत एकाच लेखकाच्या नावे करून दिली, तर पुढच्या पिढीने लिहायचं काय? पण 'कल्पनेला मालक नसतो' म्हणणारे इथेच थांबतात. निकाल पूर्ण वाचला तर त्याच्या दुसऱ्या बाजूला लेखकाचं संरक्षण आहे. विषय मोकळा आहे. पात्रं, प्रसंगांचा क्रम, संघर्षाची बांधणी आणि संवाद मोकळे नाहीत. तुम्ही कागदावर जितकं उतरवाल, तितकं तुमचं.

शिवाय कॉपीराइटपलीकडेही एक दरवाजा आहे, विश्वासभंगाचा. 2003 साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तो उघडून दाखवला. सनडायलने 'क्रिश कन्हैया' या मालिकेची संकल्पना वाहिनीला विश्वासाने दिली होती. गोपनीयतेचा कायदा कॉपीराइटपेक्षा व्यापक आहे, पुरेशी विकसित झालेली संकल्पना विश्वासाने सांगितली असेल तर तिचाही गैरवापर करता येत नाही, असं न्यायालयाने मानलं आणि मनाई हुकूम कायम ठेवला. पुढे 2007 साली पटकथालेखिका ऊर्मी जुवेकर ग्लोबल ब्रॉडकास्ट न्यूजविरुद्ध त्याच न्यायालयात उभ्या राहिल्या. नागरिक आपल्या वस्तीतला प्रश्न स्वतः सोडवायला घेतात, अशा 'वर्क इन प्रोग्रेस' या कार्यक्रमाची त्यांची संकल्पना होती. त्यांनाही अंतरिम मनाई मिळाली. एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला एकटी लेखिका, तरीही. कारण संकल्पना लेखी होती आणि ती कुणाला दिली हे दाखवता येत होतं.

आता पहिला सल्ला, लपवून ठेवण्याचा. चित्रपट एकट्याने होत नाही. निर्माता, दिग्दर्शक, नट, पैसा घालणारा, सगळ्यांना गोष्ट सांगावीच लागते. एकांकिका करणाऱ्याचं तर सगळंच उघड्यावर असतं. स्पर्धेत पडदा वर गेला की प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट कळते. म्हणून काय प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाचा पडदा वर न्यायचाच नाही? आणि ज्याने काही लिहिलं नाही, कुणाला पाठवलं नाही, त्याची गोष्ट उद्या पडद्यावर दिसलीच तर तो दाखवणार काय? न सांगितलेल्या गोष्टीची चोरी सिद्धही करता येत नाही.

तिसरा गैरसमज शिक्क्याचा. कुणी स्वतःच्याच पत्त्यावर सीलबंद पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवतो, कुणी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे दोन ओळींचा वन-लायनर नोंदवून निश्चिंत होतो. पाकिटाने कुठलाही हक्क निर्माण होत नाही. असोसिएशनची नोंदणी उपयोगी आहे, ती करावीच. पण अमुक मजकूर अमुक तारखेला तुमच्याकडे होता, एवढंच तिने ठरतं. दोन ओळी नोंदवल्या तर राखण दोन ओळींचीच. 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाविरुद्ध 2021 साली मुंबई उच्च न्यायालयात दावा आला, तेव्हा न्यायालयाने मनाई नाकारली. झोंबींची सर्वसाधारण कल्पना कुणाचीच नाही आणि विश्वासाने दिलेलं नेमकं, नवं असं काय होतं ते दावेदाराने काटेकोरपणे दाखवायला हवं, हा त्यातला धडा आहे.

म्हणून करायचं ते असं. वन-लायनर घेऊन दारोदार फिरू नका. निदान सविस्तर कथा, शक्य तर पूर्ण पटकथा लिहा. लिहिताक्षणी कॉपीराइट तुमचा होतो, 1957 च्या कायद्यात त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणीमुळे पुरावा भक्कम होतो. भेटीआधी मजकूर मेलने पाठवा. भेट झाली की त्याच रात्री, लोकलमधून उतरायच्या आत, चार ओळी लिहा: "आज आपल्या कार्यालयात मी माझ्या पटकथेचं नॅरेशन केलं. सोबत मसुदा जोडला आहे. तो केवळ आपल्या विचारार्थ, विश्वासाने दिला आहे. माझ्या लेखी संमतीशिवाय तो वापरू नये किंवा इतरांना देऊ नये." भेटीला कोण कोण होतं त्यांची नावंही त्यात घाला. पुढे मसुदा बदलला की प्रत्येक खर्डा तारखेसह जपा.

यावर लगेच आक्षेप येतो: "नवख्याने असं लिहिलं तर पुन्हा दारात कोण उभं करील?" चार ओळींच्या सभ्य मेलने जो बिथरतो, त्याच्याकडे गोष्ट न राहिलेलीच बरी. खरी सावधगिरी बाळगायची ती तुमच्यापुढे सरकवलेल्या फॉर्मवर सही करताना. अनेक ठिकाणी गोष्ट ऐकण्याआधीच लेखकाकडून लिहून घेतात की, पुढे मिळतीजुळती कलाकृती आली तरी तक्रार करणार नाही. तो कागद वाचल्याशिवाय, जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नका. हक्क देण्याचा करारही लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हे कितीजणांना ठाऊक असतं?

निर्मात्यांनाही एक मागणं आहे. आलेल्या प्रत्येक पटकथेची तारखेसह पोच द्या. प्रामाणिक निर्मात्याचं त्यात काहीच जात नाही. उलट खोट्या आरोपापासून तोच वाचतो. आणि बोरीवली-दहिसरच्या तालीम खोल्यांत रात्र रात्र जागून लिहिणाऱ्या मित्रांनो, गोष्ट दडवू नका आणि उधळूही नका. पूर्ण लिहा, नोंदवा, पाठवल्याचा पुरावा ठेवा आणि मग बिनधास्त सांगा.