गाळणी कुणाच्या हातात?

माझ्या टपालातलं काय फेकायचं ते मी ठरवीन, मशीनने ठरवायचं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि एवढ्याशा म्हणण्यावरून घरातली सगळी शिकलेली मुलं गेले दोन महिने माझ्याशी वाद घालतायत. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, ती स्पॅमची पेटी तू उघडूच नकोस. त्यात कचराच असतो." शेजारचा, पर्यटकांना खोल्या देणारा मुलगा त्याच्यावर ताण. "बाईनू, तुमी कित्याक बघतास? मशीन बघता मरे."

अरे, मशीन बघतं म्हणूनच तर मला बघावं लागतं! सगळ्यांना एकदाच काय ते उत्तर द्यावं म्हणून हा लेखनप्रपंच. (लांबलाय. चहा घेऊन बसा.)

नको असलेलं टपाल आपल्याकडे काही इंटरनेटने आणलं नाही. १५ पैशांच्या कार्डाच्या काळात घरोघर देवाच्या नावाची ती पत्रं यायची ना? 'हे पत्र मिळताच २१ जणांना पाठवा. अमक्याने पाठवलं, त्याला लॉटरी लागली. तमक्याने फाडलं, त्याचा मुलगा दगावला.' कार्ड उघडंच, त्यामुळे पोस्टमन ते वाचत असणारच. त्यातून आमच्या कोकणात निम्मं गाव मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगायचं आणि पोस्टमन मनीऑर्डर देता देता पत्रही वाचून दाखवायचा. पण त्याने स्वतःच्या मनाने कुणाचं कार्ड वहाळात टाकलेलं मी ऐकलं नाही. चुलीत घालायचं काम आमच्या सासूबाईंचं. त्या आधी पूर्ण वाचत, मग देवाला हात जोडत आणि मग चुलीत घालत. गाळणी असावी तर अशी!

विरोपातला कचराही (हो, मी अजून विरोपच म्हणते, हसा खुशाल) जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डीईसी या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. लोक चिडले, पण म्हणे विक्री झाली. तिथेच सगळं बिघडलं. १९९४ साली अ‍ॅरिझोनातल्या दोघा वकिलांनी ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात यूजनेटवरच्या हजारो चर्चागटांत टाकली, तेव्हापासून तर पूरच आला. कार्डामागे १५ पैसे पडत, विरोपामागे पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच पडत नाही. लाखात एक गिऱ्हाईक सापडलं तरी त्याचं साधतं. उरलेल्या सगळ्यांचा वेळ गेला तर तो त्याच्या खिशातून जात नाही.

मग गाळण्या आल्या. त्यांना माझा विरोध नाही, हे भाच्याने नीट वाचावं. उलट त्यामागचं गणित मला फार आवडलं. अठराव्या शतकात थॉमस बेझ नावाचा एक इंग्लिश पाद्री होऊन गेला. संभाव्यतेवरचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. ते गणित पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने २००२ साली कचऱ्यावर चालवायचं सुचवलं. दोन ढीग करायचे, एक चांगल्या पत्रांचा, एक कचऱ्याचा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं. 'मालवण' हा शब्द माझ्या चांगल्या ढिगात शेकडो वेळा येईल, तेव्हा 'मालवण' असलेलं नवं पत्र बहुधा चांगलंच. सरळ आहे की नाही? आणि खरी गंमत पुढे आहे. ग्रॅहमने चांगल्या ढिगातल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. का? तर कचरा चुकून आत आला तर चालेल, पण चांगलं पत्र चुकून बाहेर जाता कामा नये. ज्याने गाळणी सुचवली त्यालाही हे कळत होतं. शिवाय त्याची गाळणी ज्याच्या त्याच्या टपालावर शिकणारी होती. माझा ढीग माझा, तुझा तुझा.

त्याच सुमाराची स्पॅमअसॅसिन नावाची फुकट मिळणारी गाळणी आहे. ती प्रत्येक पत्राला गुण देते आणि ५ गुण झाले की त्यावर कचऱ्याचा शिक्का मारते. फक्त शिक्का मारते, फेकून देत नाही. फेकायचं ते पुढचा माणूस ठरवतो. त्यात आणखी एक सोय आहे. आपल्याला कुठल्या भाषांतली पत्रं चालतील त्याची यादी देता येते. यादीबाहेरच्या भाषेतलं पत्र आलं की त्याचे गुण वाढतात. मुळात सगळ्या भाषा चालतात, पण कुठल्याशा थंडगार खोलीत बसलेल्या माणसाने यादीत नुसती इंग्रजी लिहिली, तर माझ्या मराठी पत्राने काय करायचं? मजकूर वाचण्याआधीच ते निम्मं नापास!

मी ३० वर्षं पेपर तपासले. नापास होणारा एखादा मुलगा माझ्या हातून पास झाला असेल तर जगाचं फारसं बिघडलं नसेल. पण पास होणारं मूल नापास केलं तर त्याचं वर्ष जातं. म्हणून तर काठावरचा पेपर आपण दुसऱ्यांदा बघतो आणि म्हणूनच बोर्डाने फेरतपासणी ठेवली आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नापास झालेल्याला आपण ते सांगतो, गुणपत्रिका हातात देतो. ही गाळणी कुणाला काही सांगते का? पाठवणाऱ्याला वाटतं पत्र पोचलं, घेणाऱ्याला वाटतं पत्र आलंच नाही.

माझी एक विद्यार्थिनी परदेशात नर्स आहे. वीसएक वर्षांनी तिने पहिल्यांदा मला पत्र लिहिलं, शुद्ध मराठीत. तिकडे घरात पाणी शिरून कागदपत्रं गेली होती, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती आणि मुदत होती. माझ्या विरोपसेवेने ते पत्र कचऱ्यात टाकलं. ३० दिवसांनी ती पेटी आपोआप रिकामी होते. मी दर शुक्रवारी ती उपसते म्हणून पत्र सापडलं, तेही सव्विसाव्या दिवशी. दाखला वेळेत गेला, तो प्रश्न मिटला. पण त्या सव्वीस दिवसांत त्या मुलीने काय समजायचं? बाई विसरल्या, बाईंनी ओळख ठेवली नाही. याची भरपाई कुठलं मशीन करणार आहे? आणि त्याच आठवड्यात कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणणारी तीन पत्रं मुख्य पेटीत मानाने येऊन बसली होती.

"एखादंच असं होतं गं मावशी." एखादंच? मार्च २०२१ आठवतोय का? फोनवरच्या जाहिरातींना आळा घालायला ट्रायने २०१८ साली नवे नियम केले. पाठवणाऱ्याने आपलं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा, जुळला नाही तर संदेश अडवायचा. कल्पना चांगली. ८ मार्च २०२१ ला ती चाळणी खरोखर लावली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. आधारचे अडकले, लसीच्या नोंदणीचेही अडकले. साठीवरच्यांचं लसीकरण सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता! दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती चाळणी सात दिवस बाजूला ठेवावी लागली. त्याआधी २०११ साली तर दिवसाला १००, मग २०० अशी एसएमएसची मर्यादाच घातली होती. जाहिरातदाराला आवरायला साध्या माणसाच्या शुभेच्छा मोजायच्या! २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली तेव्हा कुठे सुटलो.

कायद्याची चाळणीही तसलीच. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम घातलं, त्यात त्रास देणाऱ्या, पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा लपवणाऱ्या ईमेलचाही उल्लेख होता. म्हणजे कचरा पाठवणारे त्यात सापडायला हवे होते. सापडल्या कोण? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुली, फेसबुकवरच्या चार ओळींसाठी. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. चाळणीची भोकं दुसऱ्या कुणी ठरवली की असं होतं.

मला सगळ्यात राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नको असेल तर आम्हीच का सांगायचं? २००७ पासून नोंदवही आहे, १९०९ वर कळवा, मग म्हणे त्रास होणार नाही. म्हणजे माझ्या दाराला 'विक्रेत्यांना मज्जाव' अशी पाटी मीच लावायची, नाहीतर त्याला थेट माजघरात यायची मुभा! अमेरिकेचा २००३ चा कायदा असाच आहे. युरोपने २००२ सालीच उलट केलं. ईमेलवरून जाहिरात करायची तर साधारणपणे आधी विचारा. आपण तिकडचं इतकं काही उचलतो, हे का नाही?

आता भाच्याचा हुकमी पत्ता. "तुम्ही म्हातारी माणसं फसता, डिजिटल अरेस्टला बळी पडता, म्हणून मशीन हवं." फसतो, नाकारत नाही. पण का फसतो? एकतर ते फोन करतात, विरोपाची गाळणी तिथे कामाचीच नाही. दुसरं, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की कचरा मशीन काढतं. मग मुख्य पेटीत आलेलं सगळं खरंच असणार, असं वाटतं माणसाला. स्वतः पाखडायची सवय मोडली की खडा दाताखाली येणारच. तिसरं, भाषा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. 'सिंधुदुर्ग' आपल्याला चार अक्षरं वाटतात, पण फोन काना-मात्रा-अनुस्वार सुटे मोजून दहा धरतो. मराठी लिहिलं की दोन-तीन संदेशांचे पैसे. साहजिकच बँक काय आणि भामटा काय, दोघेही इंग्रजीतच लिहिणार, आणि आमच्या देवबागच्या मावश्यांनी त्यातला खरा ओळखायचा!

बरं झालेलंही सांगते. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे अक्षर आलं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. हे मला पटतं. चिठ्ठी लावा आणि माझ्यापुढे ठेवा. वादळाचा, समुद्रात जाऊ नका सांगणारा सरकारी संदेश रमी आणि कर्जाच्या ढिगातून वेगळा दिसला पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते आम्ही पाहिलंय.

भाच्याला आता तीनच गोष्टी सांगितल्या आहेत. माझ्या पेटीतलं आपोआप पुसणं बंद करता येतं का ते बघ. येत नसेल तर दुसरी सेवा शोध. आणि दिवाळीला येशील तेव्हा हा अख्खा लेख वाचून ये, मग वाद घालू.

आणि ज्या मुलांनी मला कधी लिहिलं आणि उत्तर आलं नाही, त्यांनी पुन्हा लिहा. विषयाच्या जागी मराठीत तुमचं नाव, गाव आणि दहावीचं वर्ष टाका. शुक्रवारी संध्याकाळी मी बघतेच.