नवा लॅपटॉप, संथ इंटरनेट आणि पाण्याचं गाळणं



यावेळचा विषय नेहमीच्या चटण्या-लोणच्यांचा किंवा पर्वाच्या तयारीचा नाही. पण घरातलाच आहे. स्वाध्यायाचे वर्ग ऑनलाइन झाल्यापासून आपल्यातल्या अनेकींच्या घरी, खास त्यांच्यासाठी, लॅपटॉप आलेत. कुणाला मुलाने घेऊन दिला, कुणी साठवलेल्या पैशातून घेतला. आणि चार दिवसांत तक्रार सुरू होते: "नवा कोरा लॅपटॉप, पण नेट इतकं हळू की पंडितजींचं अर्धं वाक्य ऐकू येतं, अर्धं गायब."

यावर घराघरांत जे उपाय होतात त्याविषयी मला आज स्पष्ट बोलायचं आहे. पहिला उपाय, लॅपटॉपला नावं ठेवणं. दुसरा, इंटरनेटचा मोठा प्लॅन घेणं. तिसरा, मुलगा दिवाळीला येईपर्यंत वाट पाहणं. माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार आहे. (पखालीतलं पाणी आपल्याला चालत नाही, पण म्हण चालायला हरकत नसावी.)

आपल्याला हे समजायला खरं तर इतरांपेक्षा सोपं जायला हवं, कारण आपण रोज पाणी गाळतो. नळाला पाणी कमी आलं तर आपण काय करतो? महापालिकेची लाइन, बिल्डिंगची टाकी, टाकीपासून घरापर्यंतचा पाइप, नळ आणि शेवटी आपलं दुहेरी कापडाचं गाळणं, एवढा पाण्याचा प्रवास आहे. गाळणं जाड झालं असेल, त्यात गाळ बसला असेल, तरीही भांडं हळूच भरणार. म्हणून कुणी महापालिकेकडे अर्ज करत नाही. आधी नळाखाली नुसतं भांडं धरून धार बघतो. धार चांगली असेल तर गाळणं धुतो. इंटरनेटचंही तसंच आहे. कंपनीची लाइन, घरातला राउटर, राउटर ते लॅपटॉप हवेतला रस्ता आणि लॅपटॉपच्या आत चाललेली कामं, हे चार टप्पे. पाणी कुठे अडतंय ते टप्प्याटप्प्याने बघायचं.

कॉमर्सला असताना ट्रायल बॅलन्स जुळला नाही की सर सांगायचे, सगळी वही पहिल्यापासून तपासत बसू नका, आधी फरक किती आहे ते बघा. फरक नऊने भागला जात असेल तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५ असं काहीतरी. म्हणजे आकडाच सांगतो कुठे शोधायचं. इथेही तेच. "हळू चालतंय" हा आकडा नाही. आकडा काढायचा.

तो काढायला फास्ट डॉट कॉम उघडायचं किंवा स्पीडटेस्ट डॉट नेटवर 'गो' दाबायचं. एक मिनिटसुद्धा लागत नाही. ही चाचणी तीन वेळा करायची: लॅपटॉप नेहमीच्या जागी असताना, लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन, आणि नेहमीच्या जागी बसून पण मोबाइलवर. मोबाइल मात्र त्याच वायफायवर असायला हवा, त्याचा डेटा बंद करून. तिन्ही आकडे वहीत लिहायचे. राउटरजवळ लॅपटॉप जोरात आणि नेहमीच्या जागी मंद, तर दोष हवेतल्या रस्त्याचा. एकाच जागी मोबाइल जोरात आणि लॅपटॉप मंद, तर दोष लॅपटॉपच्या आतला. सगळीकडे सगळंच मंद, तर दोष राउटरचा किंवा लाइनचा. एवढ्यावर निम्मं काम झालं.

आकडा बघताना एक घोळ नेहमी होतो. प्लॅन '१०० एमबीपीएस'चा असतो, आणि एखादी फाइल उतरवताना पडद्यावर १२ एमबी दिसतात. लगेच घरात, "बघ, कंपनी फसवते!" फसवत नाही. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० ला आठने भागा, साडेबारा येतात. शेर आणि किलोची गल्लत करून दुकानदाराशी भांडण्यासारखं आहे हे.

आता हवेतला रस्ता. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घरांत दोष इथेच सापडतो. राउटर कुठे ठेवलेला असतो? टीव्हीच्या कपाटात दार लावून, किंवा स्टीलच्या कपाटावर मागच्या बाजूला, वर एक रुमाल टाकून, "दिसायला बरं नाही" म्हणून. धातू, आरसा, पाण्याची टाकी आणि जाड भिंती या लहरींना अडवतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर हवा. दिसायला बरा नसेना का.

बहुतेक नव्या राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंती ओलांडते, पण वेग कमी. शिवाय शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह त्याच लहरींवर गर्दी करतात. दुसरी जोरदार, पण एक-दोन भिंतींत दमते. वायफायच्या यादीत एकाच घराची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकापुढे '५जी' लिहिलेलं असतं, ते हेच. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. नवा लॅपटॉप नकळत २.४ ला जोडलेला राहिला तर १०० च्या प्लॅनमधून ३०-४० मिळाले तरी नवल नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात वायफाय, आणि आपल्या वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'नेटवर्क बँड' लिहिलेला असतो, तिथे बघता येतं. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ चं नाव निवडा. दोन खोल्या सोडून बसत असाल तर २.४ ठेवा, किंवा सरळ बसायची जागा बदला.

लॅपटॉपच्या आतला दोष नव्या लॅपटॉपमध्येच जास्त असतो, हे मात्र पुष्कळांना पटत नाही. नवा म्हणजे स्वच्छ, असं आपण धरून चालतो. पण तो कारखान्यातून निघून दुकानात महिनोन् महिने पडलेला असतो. घरी येऊन वायफाय मिळालं रे मिळालं की तो राहिलेले सगळे अपडेट उतरवायला लागतो. विंडोजचे, वेगवेगळ्या ॲपचे, सोबत फुकट आलेल्या अँटिव्हायरसचे. तुम्ही वर्ग उघडता तेव्हा मागे हे सगळं चालू असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'नेटवर्क'च्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. घरात पाहुणे आले की कोण किती पोळ्या खातं हे आपल्या लक्षात येतंच, तसंच. उपाय साधा आहे: पहिले एक-दोन दिवस लॅपटॉप चार्जरला लावून, वायफायवर ठेवून त्याला पोटभर अपडेट घेऊ द्या, नंतर रीस्टार्ट करा. मगच त्याच्याबद्दल मत बनवा.

आमच्या स्वाध्याय गटातल्या एका भगिनीचं वेगळंच होतं. त्यांना सगळ्यांचं स्पष्ट ऐकू यायचं, पण त्यांचा आवाज आम्हाला तुटक यायचा. त्यांनी प्रश्न विचारला की कुणालाच कळेना, शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. दुकानदाराने लॅपटॉप बदलायला सांगितलं, मुलाने प्लॅन वाढवायला. स्पीडटेस्टमध्ये 'डाउनलोड' उत्तम होतं, 'अपलोड' जवळजवळ शून्य. कारण काय, तर जुन्या लॅपटॉपमधले लग्नाकार्याचे, पंचकल्याणकाचे हजारो फोटो नव्यात घातले होते, आणि ते एकेक करून आपोआप क्लाउडवर चढत होते. वर्गाच्या वेळेपुरतं ते चढणं थांबवलं आणि त्यांचा आवाज लख्ख यायला लागला. एक रुपया खर्च न होता. या बाई गटात सर्वांत अभ्यासू आहेत आणि दोन महिने त्या गप्प बसल्या होत्या. मला त्या दोन महिन्यांचं वाईट वाटतं.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्याला ऐकू येत नसेल तर डाउनलोड बघा, आपला आवाज दुसऱ्यांना पोचत नसेल तर अपलोड बघा. घराला सीसीटीव्ही असेल आणि त्याचं चित्रण इंटरनेटवर साठत असेल तर तोही सतत अपलोड खातो.

प्लॅन वाढवण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. व्हिडिओ वर्गाला तीन-चार एमबीपीएस पुरतात. चांगल्या प्रतीचा सिनेमा बघायला पाच. घरात एका वेळी चार माणसं बसली तरी ३०-४० मध्ये भागतं. आता हिशेब करा. मोठ्या प्लॅनला महिन्याला ३०० रुपये जास्त पडत असतील तर वर्षाचे ३,६००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४८, एकूण ४,२४८ रुपये. आणि अडथळा कपाटात ठेवलेल्या राउटरचा असेल तर हे रुपये देऊनही वर्ग तुटकच ऐकू येणार.

रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं. आपण हे वाचतो आणि नळ बंद करतो, ते योग्यच आहे. पण चालता राउटर फेकून नवा आणणं, सहा महिन्यांचा लॅपटॉप बदलणं, हेही माझ्या दृष्टीने त्यातच मोडतं. त्या वस्तू घडवताना जमीन खणली जाते, अग्नीही पेटतो, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही. कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटू दे.

आणि दोष कुणाचा, यावर घरात भांडण नको. लॅपटॉप मंद आहे का? कथंचित आहे, कथंचित नाही. तारेने जोडला तर नाही, शेवटच्या खोलीत नेला तर आहे. अनेकांत रोजच्या जगण्यात आणायचा तो इथे आणा!

आता सर्वांत महत्त्वाचं. नेट मंद झालं म्हणून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. तिथे खोटे नंबर टाकून बसलेली माणसं असतात. ती गोड बोलतात, एखादं ॲप उतरवायला लावतात, आणि तुमचा पडदा त्यांच्या हातात जातो. मग ओटीपी, मग बँक. तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा, अशी चौकट आपोआप उघडली तर ती खोटीच समजा. नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला घ्यायचा. कुणी फसलंच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर फोन करा. लाज वाटून गप्प बसू नका, कारण पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मुलाची वाट बघत बसलेली आणि काहीच न कळणारी बाई या लोकांना सर्वांत सोपी सापडते. स्वतः शिका असं मी म्हणते ते त्यासाठी.

सगळं तपासूनही सगळीकडे वेग कमीच असेल, राउटर एकदा बंद करून मिनिटभराने चालू करूनही फरक पडला नसेल, तर दोष लाइनचा. आधी महिन्याची डेटा मर्यादा संपली नाही ना ते बघा. ती संपली की पुष्कळ प्लॅनमध्ये वेग आपोआप उतरतो. मग तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या, तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. सकाळ, दुपार, रात्र असे तीन दिवसांचे आकडे वहीत असू द्या. माणूस घरी आला की तो आपल्या मोबाइलवर वायफायचा वेग दाखवून सही मागेल. त्याला लॅपटॉप राउटरला तारेने जोडून दाखवायला सांगा. तारेत आठ बारीक वायरी असतात, त्यातल्या चारच जोडलेल्या असतील तर वेग १०० च्या वर जातच नाही, तेही त्याच्याकडून बघून घ्या. आकडा वहीत लिहा, आणि मगच सही करा.