चॉकलेट, मुली आणि गुणी भाऊ

मंडळी, आजचा विषय माझ्या वयाला शोभणारा नाही म्हणा हवं तर! नातवाच्या कृपेने 'दि अंडरटोन्स' या पंक बँडचा दुसरा अल्बम 'हिप्नोटाइज्ड' (१९८०) मी सध्या ऐकते आहे. गिटारींचा दणदणाट असतो, पण चाली गोड. बरीचशी गाणी दोन-तीन मिनिटांत आटोपतात, हेही बरंच.

ही पोरं उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातली. तिथे ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी गेले. रस्त्यावर सैनिक, बाँबस्फोट, झडत्या... यातच ही मुलं वाढली. आणि गाणी कशावर? मुली, सुट्टी, नातेवाईक! या अल्बमचं पहिलंच गाणं 'मोअर साँग्ज अबाउट चॉकलेट अँड गर्ल्स'. म्हणजे स्वतःचीच टिंगल. गाव जळत असताना हे काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला.

मला तो पटत नाही. शाळेत निबंध तपासताना पाहिलंय, 'राष्ट्रीय एकात्मता' दिली की अख्ख्या वर्गाचा एकच निबंध. 'माझा शेजारी' दिला की मात्र एकेकाचं पेन सुटायचं! मोठ्या विषयावर मुलं मोठ्यांचंच बोलणं उतरवून काढतात. डेरीत तर दोन्ही बाजूंनी मोठ्यांचेच शब्द कानावर आदळत होते.

यातलं 'माय परफेक्ट कझिन' ऐका. ब्रिटनमध्ये ९ व्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं. आईचा लाडका, शिकलेला, टेबलावरच्या फुटबॉलमध्येही हरवणारा केविन. (आपल्याकडे तो चुलत, मावस, मामे की आते हे आधी विचारलं असतं!) जिथे तुम्ही कुठल्या बाजूचे यावर जीव जायचा, तिथल्या या पोराचा सगळा राग एका हुशार भावावर आहे. हा राग त्याला कुणी शिकवलेला नाही.

आणि डोळे मिटून बसले होते म्हणावं, तर तसंही नाही. १९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात १० कैदी मेले. तुरुंगातल्या उपोषणांच्या विषयावर यांनी 'इट्स गोइंग टू हॅपन!' केलं, तेही नाचता येईल अशा चालीत.

असो. ऐकायचंच असेल तर केविनपासून सुरुवात करा. आवाज मात्र बेताने, नाहीतर शेजारी निबंध लिहितील.